दमा, धडधड आणि स्ट्रोक: इचलकरंजी भागातली एक केस

पार्श्वभूमी

ही केस इचलकरंजी भागातली. ओळख पटेल असे तपशील बदललेत, घरच्यांना विचारूनच लिहितोय. पेशंटला इथे आपण आक्का म्हणूया. वय ५७. निम्मं आयुष्य यंत्रमागाच्या कांड्या भरण्यात गेलं, घरही मागांच्याच गल्लीत, म्हणजे काम सोडून पाच-सहा वर्षं झाली तरी खिडकी उघडली की कापसाची तूस आत येतेच. दमा चाळिशीत सुरू झाला. आधी फक्त थंडीत, मग वर्षभर.

त्या माझ्याकडे आल्या स्ट्रोक होऊन गेल्यावर, फॉलोअपला. त्यामुळे आधीचं सगळं मला कागदांवरून आणि घरच्यांशी बोलून कळलंय. सून फार नीट सांगणारी आहे, तिच्यामुळेच ही केस इतक्या तपशिलात लिहिता येतेय.

स्ट्रोकच्या आधीच्या वर्षात औषधं अशी चालू होती: साल्ब्युटामॉलचा निळा पंप (श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा), थिओफिलिनची गोळी रोज (तीही नळ्या मोकळ्या करायलाच), आणि बीपीची अॅम्लोडिपिन, ती आठवेल तेव्हा. दम वाढला की मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच-सात दिवसांचा कोर्स, जुनी चिठ्ठी दाखवून. असे कोर्स वर्षात पाच-सहा तरी झाले असतील असं सून म्हणाली. सूज कमी करणारा पंप, म्हणजे इनहेलरमधलं स्टेरॉइड, दोनदा लिहून दिलेलं होतं पण "त्याची सवय लागते" म्हणून घेतलंच नाही. इथे उलटं झालंय बघा, पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं त्याला घाबरायचं आणि गोळीतलं मिलिग्रॅममध्ये असतं ते मात्र न विचारता घ्यायचं. हे एका घरातलं नाही, आमच्याकडे निम्म्या घरात हेच चालतं.

साल्ब्युटामॉलचा पंप तीन आठवड्यात संपायचा. एका पंपात २०० पफ असतात, म्हणजे दिवसाला नऊ-दहा. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्षाला असे ३ किंवा जास्त पंप लागले तर दम्याच्या अटॅकचा धोका वाढतो असं स्पष्ट लिहिलंय, १२ किंवा जास्त लागले तर जीवाचा धोका वाढतो. आक्कांचे वर्षाला सतराच्या आसपास होत होते आणि कुणी मोजत नव्हतं, कारण पंप दर वेळी वेगळ्या मेडिकलमधून यायचा.

विडी-सिगारेट कधीच नाही. पण मशेरी, दिवसातून तीन-चारदा, लग्नाच्या आधीपासून. हे कुठल्याही जुन्या कागदावर नाही. "स्मोकिंग? नाही" एवढंच लिहिलंय सगळीकडे. बाईमाणसाला तंबाखूचं विचारायचं आपल्याकडे डॉक्टरांनाही सुचत नाही, आणि मशेरी हे व्यसन आहे असं त्या घरात कुणाला वाटतही नव्हतं, दात घासायचं काम आहे ते.

अडचण कुठे सुरू झाली

दिवाळीच्या दोनेक महिने आधीपासून रात्री धडधड व्हायची. आक्कांचे शब्द: "काळीज फडफडतंय, मग आपोआप थांबतंय." दहा-पंधरा मिनिटं, कधी तासभर. जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. पंपाने धडधडतं, कमी घ्या, असं सांगितलं.

यात चूक म्हणावं असं फार नाही. साल्ब्युटामॉलने हृदयाचे ठोके वाढतात, पोटॅशियम खाली येतं, थिओफिलिनने पण धडधडतं, हे सगळं खरंच आहे. पण माझ्या मते हा या केसमधला पहिला निर्णयाचा क्षण होता. धडधड येते आणि जाते तेव्हा ती नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल येणारच, कारण तो फक्त काही सेकंदांचा असतो. पर्याय तीन होते. एक, पंपावर ढकलून सोडून देणं. दोन, धडधड चालू असताना नाडी बघायला घरच्यांना शिकवणं, ठोके तालात आहेत की वेडेवाकडे एवढंच. तीन, २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावणं, गरज पडली तर जास्त दिवसांचा. पहिला झाला. होल्टरचा खर्च आणि कोल्हापूरला जायचं म्हणून विषय निघालाच नाही, पण नाडी बघायला तर खर्चही नव्हता.

सुनेने नंतर मला सांगितलं की एका रात्री तिने आक्कांचा हात धरला होता तेव्हा मनगटाजवळ ठोके "मधेच थांबून मग दोन पटापट" असे लागत होते. तिला ते विचित्र वाटलं पण कुणाला सांगायचं आणि कशाला, दम्याचंच असेल. हे वर्णन म्हणजे जवळजवळ एट्रियल फिब्रिलेशनच आहे. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, रक्त तिथे साचतं, गुठळी होते, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक.

त्या सकाळी

दिवाळीनंतरचा आठवडा. थंडी, फटाक्यांचा धूर, रात्रभर छातीत सूं सूं, रात्रीत दहा-बारा पफ घेतलेले. सकाळी ६:४० ला आक्कांनी सुनेकडे गरम पाणी मागितलं, नीट बोलल्या. ही वेळ पुढे फार उपयोगी पडली.

७:१० ला सून परत आली तर पेला खाली पडलेला, उजवा हात मांडीवर लोंबता, आणि बोलतायत पण शब्द कळत नाहीत. घरच्यांना वाटलं दम जास्त झालाय, ऑक्सिजन कमी पडून बडबडतायत. घरी नेब्युलायझर होतं, लावलं. अर्धा तास त्यात गेला. दम्याच्या पेशंटच्या घरी हे होणं फार स्वाभाविक आहे, सोळा-सतरा वर्षं प्रत्येक संकटाचं उत्तर पंप किंवा नेब्युलायझर हेच होतं ना. पण दम कितीही वाढला तरी एकाच बाजूचा हात लुळा पडत नाही आणि तोंड एका बाजूला जात नाही. एका बाजूला काही झालं की ते मेंदूचं, असं समजूनच पळायचं.

शेजारचा मेडिकलमध्ये काम करणारा मुलगा आला, त्याने बघताक्षणी सांगितलं की तोंड वाकडं झालंय, अंगावरनं वारं गेलंय, हलवा लगेच. १०८ ला फोन करायचा की शेजारच्याची ओम्नी काढायची यावर पाच-दहा मिनिटं गेली, ओम्नी निघाली. जवळचं ओळखीचं हॉस्पिटल गाठलं, तिथे सीटी स्कॅन नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी मात्र वेळ घालवला नाही, बीपी आणि शुगर बघून ताबडतोब पुढे पाठवलं आणि पुढच्या हॉस्पिटलला फोन करून ठेवला. ९:२० ला आक्का स्ट्रोकचे उपचार होतात अशा ठिकाणी पोचल्या. शेवटचं नीट दिसल्यापासून २ तास ४० मिनिटं.

हॉस्पिटलमधले निर्णय

इथून पुढे दमा आणि स्ट्रोक हे दोन्ही एकमेकांच्या पायात येत राहिले, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

पहिली अडचण सीटीसाठी आडवं झोपवायची. सपाट झोपवलं की दम लागतो. नेब्युलायझर देऊन छाती मोकळी करायला अर्धा तास थांबायचं की तसंच न्यायचं? त्यांनी मास्क लावून स्ट्रेचरवरच नेब्युलायझर सुरू केलं आणि डोकं उंच ठेवून मशीनपर्यंत नेलं, सपाट फक्त स्कॅनपुरतं केलं. ९:४० ला स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या रक्तवाहिनीची एक बारीक फांदी बंद. तारेने गुठळी ओढून काढण्याइतकी मोठी नव्हती, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हाच पर्याय. ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आक्कांचा हिशोब ११:१० पर्यंत. सुनेला ६:४० आठवलं नसतं तर हा हिशोब झालाच नसता.

दुसरी अडचण बीपी. १९८/१०६. इंजेक्शन द्यायचं तर ते १८५/११० च्या खाली पाहिजे. यासाठी बहुतेक ठिकाणी हाताशी असतं ते लॅबेटालॉल, आणि ते बीटा ब्लॉकर आहे, फुफ्फुसाच्या नळ्यांवरही काम करतं, दम्याच्या पेशंटला त्याने नळ्या आवळू शकतात. लॅबेटालॉल सिरिंजमध्ये भरलेलंसुद्धा होतं. सिस्टरांनी आक्कांची पिशवी उघडली तर वर निळा पंप. त्यांनी तो उचलून डॉक्टरांना दाखवला आणि लॅबेटालॉल बाजूला ठेवून दुसऱ्या गटातलं औषध ड्रिपने सुरू झालं. घाईत घरच्यांनी "बीपी आहे, हात गेलाय" एवढंच सांगितलं होतं, दमा सांगायचा राहूनच गेला होता. बीपी खाली आल्यावर १०:१५ ला इंजेक्शन दिलं.

तिसरी गोष्ट अॅस्पिरिन. असा स्ट्रोक झाला की साधारण २४ तासांनी, पुन्हा स्कॅन करून, अॅस्पिरिन सुरू करतात. सून म्हणाली की दोन वर्षांपूर्वी दाढदुखीसाठी गोळी घेतल्यावर तासाभरात आक्कांना इतका दम लागला होता की अॅडमिट करावं लागलं, आणि नाकात मांस वाढलंय असं कान-नाक-घसावाल्यांनी सांगितलेलं आहे. दमा, नाकातलं वाढलेलं मांस आणि पेनकिलरने दम वाढणं, हे तिन्ही एकत्र असले की अॅस्पिरिनची संवेदनशीलता धरूनच चालायचं. दमा असलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण ७ टक्क्यांत हे असतं, तीव्र दम्यात जास्त. थोड्या डोसने टेस्ट करून बघणं हा एक पर्याय होता पण स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दोन दिवसात ते धोक्याचं, म्हणून अॅस्पिरिनऐवजी गुठळी रोखणारं दुसरं औषध, क्लोपिडोग्रेल, निवडलं. मला हा निर्णय अगदी बरोबर वाटतो.

दुसऱ्या रात्री नेब्युलायझर चालू असतानाच मॉनिटरवर एट्रियल फिब्रिलेशन दिसलं, आणि दोन महिन्यांच्या धडधडीचा उलगडा झाला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा वरचा कप्पा मोठा झालेला, हृदयाचं पंपिंग मात्र चांगलं. आता रक्त पातळ करणारं औषध लागणारच. मेंदूतला खराब झालेला भाग लहान होता, पुन्हा केलेल्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणून पाचव्या दिवशी रक्त पातळ करणारं एपिक्साबॅन सुरू केलं आणि क्लोपिडोग्रेल बंद. ठोके ताब्यात ठेवायला परत तोच प्रश्न, बीटा ब्लॉकर की दुसरं काही. मुख्यतः हृदयावर काम करणारे बीटा ब्लॉकर दम्यात जपून देता येतात, पण आक्कांची छाती अजून वाजत होती आणि हृदयाचं पंपिंग चांगलं होतं, त्यामुळे डिल्टियाझेम दिलं. त्याने एपिक्साबॅनची रक्तातली पातळी थोडी वाढते म्हणून किडनीचे रिपोर्ट बघून मगच. अॅम्लोडिपिन काढलं, बीपीला टेल्मिसार्टन. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ६.८ टक्के आली, म्हणजे डायबेटिसही निघाला. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा त्यात किती वाटा हे आता वेगळं काढता येत नाही, पण वाटा आहे हे नक्की.

दमा आणि स्ट्रोकचं नातं काय

घरच्यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला, "डॉक्टर, पंपानेच झटका आला ना?"

उत्तर एका शब्दात देता येत नाही. दम्यात सूज फक्त श्वासनळ्यांत नसते. बराच काळ ताब्यात नसलेल्या दम्यात रक्तातही सुजेच्या खुणा वाढतात, सीआरपी, फायब्रिनोजेन वगैरे, आणि हीच सूज रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला त्रास देते. अमेरिकेत मेसा नावाचा मोठा अभ्यास २००० पासून चालू आहे. त्यातल्या लोकांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून २०२२ मध्ये निष्कर्ष आले: रोज औषध लागणारा दमा असलेल्यांपैकी ६७ टक्के लोकांत चरबीचे थर दिसले, दमा नसलेल्यांत साधारण ५० टक्के. आणि अधूनमधून होणारा दमा असलेल्यांत? दमा नसलेल्यांइतकंच. म्हणजे हलका, ताब्यातला दमा असलेल्यांनी हे वाचून घाबरायचं काही कारण नाही. नॉर्वेतल्या हंट अभ्यासात ५४ हजारांवर लोक होते, त्यात दम्याचं निदान झालेल्यांना एट्रियल फिब्रिलेशनचा धोका ३८ टक्क्यांनी जास्त दिसला.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, यातून दम्यानेच स्ट्रोक होतो असं सिद्ध होत नाही. तंबाखू, वजन, घोरणं, बीपी हे सगळं मधे येतं, धुराने फुफ्फुस खराब झालेल्या कित्येकांवर दम्याचा शिक्का बसलेला असतो तोही घोळ आहेच. आक्कांच्या बाबतीत मला जे वाटतं ते असं: वर्षानुवर्षं न दबलेली सूज, अर्धवट घेतलेली बीपीची गोळी, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढलेली शुगर, मशेरी, मोठा झालेला कप्पा, ही सगळी तयारी आधीच होती, आणि त्या रात्रीचे दहा-बारा पफ, थिओफिलिन आणि कमी पडलेला ऑक्सिजन यांनी वरचा धक्का दिला असणार. पंप दोषी म्हणायचा तर तो एवढा का लागत होता हे आधी विचारायला हवं.

घरी आल्यावर

मुलाने पंप बंदच करून टाकला होता. आईला परत झटका नको म्हणून. तीन दिवसात दम इतका वाढला की माझ्याकडे तातडीने आणलं. हा मला सगळ्यात धोक्याचा टप्पा वाटला, कारण परत दम्याचा मोठा अटॅक आला असता तर परत स्टेरॉइडच्या गोळ्या, परत साल्ब्युटामॉलचा मारा, परत तेच चक्र.

पर्याय मांडले. पंप पूर्ण बंद ठेवणं शक्य नाही. फक्त साल्ब्युटामॉल चालू ठेवणं म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. मग बुडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (नळ्या मोकळ्या करणारं) यांचा एकत्र पंप, रोज दोन वेळा आणि दम लागला तरी तोच, ठरलेल्या मर्यादेत. थिओफिलिन बंद केलं, एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला ते द्यायचं काही कारण उरलं नव्हतं. फॉर्मोटेरॉलनेही धडधडू शकतं, ते घरच्यांना मोकळेपणाने सांगितलं, पण त्याच पफमध्ये सूज कमी करणारं औषध असतं म्हणून एकूण पफ कमी होतात.

औषध ठरलं आणि मग खरी पंचाईत पुढे आली, कारण उजव्या हाताच्या बोटांत पंप दाबण्याइतका जोर नव्हता. कॅप्सूलवाल्या मशीनला दोन्ही हात लागतात. डाव्या हाताने दाबला तर दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ बसेना. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला तर उजवीकडचा ओठ नीट मिटत नव्हता, बाजूने औषध पांढरं धुरासारखं बाहेर यायचं, ते मी समोर बसून बघितलं. शेवटी मास्कवाला स्पेसर घेतला, सून दाबते, आक्का पाच-सहा श्वास घेतात. नंतर चूळ भरायची तर गिळताना अजून ठसका लागत होता, म्हणून ओल्या फडक्याने तोंड आतून पुसायचं. स्ट्रोकनंतर पंप घेता येतो का हे डिस्चार्जच्या वेळी कुणी करून बघत नाही, कागदावर नुसतं "पूर्वीप्रमाणे चालू" असतं.

तीन महिन्यांनी

आधाराशिवाय चालतात. बोलणं कळतं, नावं आठवताना अडकतात. उजव्या हाताने भाकरी थापता येत नाही आणि याचं त्यांना फार वाईट वाटतं. दम्यासाठी जादा पफ आता आठवड्याला एक-दोन, स्टेरॉइडची गोळी एकदाही लागली नाही. रात्रीची धडधड एकदा झाली, सुनेने नाडी मोजून वेळेसकट वहीत लिहून ठेवली. मशेरी कमी झालीय, सुटलेली नाही. एपिक्साबॅनचे दोन डोस मधे चुकले होते कारण गोळ्या संपल्या आणि पगार व्हायचा होता, आता महिन्याच्या गोळ्या एकदम घेतात आणि पंधरा उरल्या की पुढच्या आणतात.

काय वेगळं करता आलं असतं

धडधडीच्या तक्रारीला होल्टर, हे तर आहेच. पण त्याच्याही आधी प्रत्येक भेटीत मनगट धरून अर्धं मिनिट नाडी बघणं. दम्याचा पेशंट आला की आपण सगळे छातीला स्टेथोस्कोप लावतो, ऑक्सिजन बघतो आणि सोडतो. चाळिशीच्या पुढच्या, रोज औषध लागणाऱ्या दमेकऱ्याचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी बघायलाच पाहिजे, आणि वर्षात किती पंप संपले, किती वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या हे विचारायलाच पाहिजे, तंबाखू आणि मशेरी नाव घेऊन विचारायला पाहिजे.

घरच्यांसाठी: तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं बदललं, यातलं काहीही एक दिसलं तर नेब्युलायझर लावत बसू नका, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल कुठलं ते आजच माहिती करून ठेवा. दमा आहे, पंप घेतात, अमुक पेनकिलरने त्रास झाला होता, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून पंपाच्याच पिशवीत ठेवा. आक्कांच्या घरी आता तो कागद आहे.

एक निर्णय अजून बाकी आहे. नाकातलं मांस काढलं तर दमा आणखी आटोक्यात येईल असं कान-नाक-घसावाल्यांचं मत आहे, पण त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस थांबवावी लागेल, आणि स्ट्रोकला तीनच महिने झालेत. सध्या पुढे ढकललंय, नाकात स्टेरॉइडचा स्प्रे चालू आहे, आणि पुढच्या भेटीला न्यूरोवाल्यांचं मत लेखी मागवून मग तारीख ठरवायची असं घरच्यांशी बोलणं झालंय.